डॉक्टरसाहेबांनी सगळ्यात शेवटी बोलावं

'नमस्कार ताई. गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ माझा लहानसा डिझाइन स्टुडिओ आहे. आम्ही पाच जण. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलचं काम आलंय. त्यांनी मागच्या वर्षी अपॉइंटमेंटचं ॲप करून घेतलं, ते कोणी वापरत नाही. बाहेरगावचे पेशंट सकाळी ७ पासून काउंटरसमोर रांग लावतात, ॲपवर ११ ची वेळ घेतलेल्याचा नंबर २ ला लागतो, आणि रोज भांडणं. डॉक्टरसाहेब म्हणतात, "जुनं ॲप बेकार आहे, नवं चांगलं करून द्या." मी म्हटलं, आधी डिझाइन स्प्रिंट करू. ते म्हणाले, "पाच दिवस कोणाजवळ आहेत? दोन दिवसांत आटपा." मॅनेजर तर हसले, "भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवून काऊन जी, रांग कमी होते का?" पण माझी खरी भीती दुसरीच आहे. आधीच्या एका क्लायंटकडे असंच करून पाहिलं, तर मालक बोलत राहिले आणि बाकीचे "हो सर" म्हणत राहिले. मालकांच्या डोक्यात पहिल्यापासून होतं तेच शेवटी आम्ही बनवलं. इथेही तेच होईल असं वाटतं. करू की नको? केलं तर कसं?'
— एक वाचक, नागपूर

करा. पण दोन दिवसांत नको, आणि हॉस्पिटलच्या इमारतीत तर मुळीच नको. त्याची कारणं पुढे सांगते. आधी 'हो सर'चं बघू, कारण तुमचं बाकी सगळं तिथेच अडलंय.

डिझाइन स्प्रिंट म्हणजे पूर्ण वस्तू बांधण्याआधी पाच दिवसांत तिचा नमुना करून तो पारखण्याची पद्धत. ती तुम्ही वाचलेली दिसते, त्यामुळे थोडक्यात आटपते. जेक नॅप या डिझायनरांनी २०१० मध्ये गूगलमध्ये असताना ती बांधली, पुढे गूगल व्हेंचर्स या गूगलच्या गुंतवणूक कंपनीत नव्या कंपन्यांबरोबर काम करता करता ती पक्की झाली. सोमवारी प्रश्नाचा नकाशा काढून नेम कुठे धरायचा ते ठरवायचं, मंगळवारी प्रत्येकाने आपापला उपाय कागदावर काढायचा, बुधवारी निवड करायची, गुरुवारी नमुना बनवायचा आणि शुक्रवारी तो पाच खऱ्या ग्राहकांच्या हातात द्यायचा. माणसं सातच्या वर नकोत. निर्णय घेणारा एकच.

हे ऐकून बहुतेकांना वाटतं की हा सगळा गप्पांचा आणि चर्चेचा प्रकार आहे. तुमच्या आधीच्या क्लायंटकडे तसंच झालेलं दिसतंय. नीट केलेल्या स्प्रिंटमध्ये लोक बराच वेळ गप्प असतात. मंगळवारी तर खोलीत फक्त मार्करचा आवाज येतो. यामागे जुना अनुभव आहे. येल विद्यापीठात १९५८ मध्ये एक प्रयोग झाला: चार जणांनी एकत्र बसून कल्पना काढायच्या, आणि दुसरीकडे चार जणांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना नंतर एकत्र करायच्या. वेगवेगळं बसलेल्यांच्या कल्पना जास्त निघाल्या. एक बोलतो तेव्हा बाकीच्यांचं डोकं थांबतं, आणि बोलणारा साहेब असेल तर ते दिवसभरासाठीच थांबतं. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची ही गत, तर आपल्याकडे, जिथे डॉक्टरसाहेब खोलीत आले की खुर्च्या सरकतात, तिथे काय होत असेल ते तुम्ही पाहिलंच आहे.

म्हणून माझ्या लेखी तुमच्या स्प्रिंटमध्ये दोनच गोष्टी सांभाळायच्या आहेत. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यात शेवटी बोलावं, आणि त्यांच्याही नंतर पेशंटच्या माणसाने बोलावं. बाकी चिठ्ठ्या, फळा, टायमर कमीजास्त झाले तरी चालतं.

एक प्रसंग सांगते. गांधीबागेतल्या एका ठोक कापडवाल्यांसाठी आम्ही स्प्रिंट केला होता. त्यांना खेड्यापाड्यांतल्या दुकानदारांसाठी चकचकीत कॅटलॉग हवा होता. मुलांनी कॅटलॉगच काढला, एकाने तर कपडा फिरवून बघता येईल असा. सगळे कागद बिननावाने भिंतीवर लागले. त्यात एकावर तीनच चौकटी होत्या: मागच्या बिलाचा फोटो, त्याखाली 'मागच्यासारखंच पाठवा' असं बटण, आणि तिसऱ्या चौकटीत 'यातलं काय नको?' मालक बराच वेळ त्या कागदासमोर उभे राहिले आणि हातातले मत द्यायचे चिकट ठिपके त्यावरच लावून मोकळे झाले. मग विचारलं, "हे कोणाचं?" मुनीमजी पंख्याकडे बघत होते. दिवाणखान्यात चहा पिता पिता मालकांनी त्यांना विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, "शेठ, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

तुमच्या हॉस्पिटलात मुनीमजींच्या जागी काउंटरवरच्या ताई आहेत. सकाळी ७ ला कोण येतं, का येतं, काय म्हणून भांडतं, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. त्यांना सातांत घ्याच. मॅनेजर म्हणतील, "त्यांना कशाला, त्या काउंटर सोडून कशा येतील?" तेव्हा अडून बसा. वाटल्यास मॅनेजरसाहेबांना गाळा, ताईंना गाळू नका. बाकी एक सिस्टर, बिलिंगचा एक माणूस, एखादे ज्युनिअर डॉक्टर, डॉक्टरसाहेब स्वतः, आणि तुमच्याकडचे दोघे. सूत्रसंचालन तुम्ही करा आणि मग चित्र काढायला बसू नका. दोन्ही कामं एकाच माणसाने केली की घड्याळाकडे कोणाचंच लक्ष राहत नाही.

बिननावाचे कागद म्हणजे खरोखर बिननावाचे, याची काळजी घ्या. लहान हॉस्पिटलात सगळ्यांना एकमेकांचं अक्षर ओळखू येतं, डॉक्टरांचं तर केमिस्टसुद्धा ओळखतो. सगळ्यांना एकाच रंगाचे जाड मार्कर द्या आणि सुटी, मोठी अक्षरं काढायला सांगा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, इंग्रजीची सक्ती अजिबात नको. "मला चित्र काढता येत नाही" असं तिघं तरी म्हणतीलच. त्यांना एक चौकोन, एक काडीचा माणूस आणि त्याच्या तोंडातून निघालेलं वाक्य काढून दाखवा, पुरे. आठ मिनिटांत आठ चौकटींत आठ वेगवेगळ्या कल्पना काढायचा जो खेळ आहे तो मात्र गाळू नका. पहिल्या तीन चौकटींत सगळ्यांचं तेच ते येतं. पाचवीच्या पुढे माणूस लाजायचं सोडतो.

निवडीच्या दिवशी आधी सगळ्यांनी न बोलता कागदांवर ठिपके लावायचे, मग प्रत्येक कागदावर मोजून तीन-चार मिनिटं बोलायचं, मग प्रत्येकाने एक मत द्यायचं. हे सगळं झाल्यावर डॉक्टरसाहेबांनी आपले मोठे ठिपके लावायचे. त्यांचा ठिपका बहुमताच्या उलट गेला तर जाऊ द्या. इथे निवडणूक चाललेली नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत घासत बसणारे लोक मला माहीत आहेत. त्यातून जे निघतं ते कोणालाच नको असतं, आणि पुढच्या आठवड्यात साहेब केबिनमध्ये बसून ते बदलतातच. त्यापेक्षा निर्णय त्यांचाच ठेवा, फक्त तो सहा जणांचं बघून झाल्यावरचा असू द्या. हे त्यांना आधी, एकटं गाठून, साध्या शब्दांत सांगा: "सर, शेवटचा शब्द तुमचाच. पण तुम्ही आधी बोललात तर मला बाकीच्यांकडून काही मिळणार नाही." असं सांगितलेलं कोणत्याही मालकाला राग न येता पटतं, कारण पहिलं वाक्य त्यांच्या बाजूचं असतं.

आता दोन दिवसांचं. दोन दिवसांत नकाशा होतो, चित्रं होतात, एखादी निवडही होते. मग सगळे टाळ्या वाजवून घरी जातात आणि पेशंटला कोणी विचारतच नाही. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तोच भाग कापला जातो. चार दिवस मागा. पहिल्या दोन दिवसांचं काम एका दिवसात बसवता येतं, चार दिवसांची अशी पद्धत आता बरेच जण वापरतात. आणि डॉक्टरसाहेबांना चारही दिवस बसवायची गरज नाही. पहिल्या दिवशी ओपीडी आटपल्यावर तासभर, नेम कुठे धरायचा ते ठरवायला. दुसऱ्या दिवशी ठिपके लावायला. आणि चाचणीच्या दिवशी. मधल्या वेळासाठी त्यांनी ज्युनिअर डॉक्टरांना आपल्या वतीने नेमावं. "सर, तुमचे चार दिवस नकोत, तुमचे चार-पाच तास हवेत," असं म्हणून बघा. 'पाच दिवस कोणाजवळ आहेत' याचं उत्तर तिथेच मिळतं.

पहिल्या दिवशी डॉक्टर यायच्या आधी काउंटरवरच्या ताईंना वीस-पंचवीस मिनिटं द्या. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं आणि 'हे आपल्याला कसं करता येईल?' अशा प्रश्नाच्या रूपात टिपून घ्यायचं. नकाशा हॉस्पिटलच्या दारापासून सुरू करू नका. बालाघाट, छिंदवाडा, गोंदिया, गडचिरोलीकडून येणाऱ्या माणसाचा दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो: गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी, सोबत कोण जाणार, पहाटेची गाडी, गणेशपेठच्या स्टँडवरून ऑटो, आणि डोक्यात सतत एकच हिशोब, परतीची शेवटची गाडी मिळेल का. तो नकाशाच्या दुसऱ्या टोकाला लिहा. मध्ये काउंटर, केस पेपर, ब्लड टेस्ट, पुन्हा काउंटर.

मला एक शंका आहे, आणि ती तुमच्याच पत्रातून आली आहे. ११ ची वेळ घेतलेल्याचा नंबर २ ला लागतो असं तुम्ही लिहिता. म्हणजे हॉस्पिटलात दोन रांगा आहेत, एक ॲपमधली आणि एक काउंटरच्या रजिस्टरमधली, आणि खरी रांग रजिस्टरची आहे. मग पेशंट ७ ला येऊन बसतो यात त्याचं काय चुकलं? तो अडाणी नाही, त्याने हॉस्पिटल बरोबर ओळखलं आहे. कदाचित डॉक्टर सकाळी ऑपरेशनमध्ये अडकतात आणि ओपीडी उशिरा सुरू होते, कदाचित आणखी काही असेल. तसं असेल तर नवं ॲप कितीही देखणं करा, रांग तिथेच राहील. पण ही शंका तुम्ही बोलून दाखवू नका! तुम्ही बोललात तर ती बाहेरच्या माणसाने केलेली तक्रार होते. नकाशावर ताईंच्या तोंडून आली की डॉक्टरसाहेब स्वतःच त्या चौकटीवर बोट ठेवतील.

म्हणूनच नमुना म्हणजे मोबाइलची स्क्रीनच असली पाहिजे असं धरून चालू नका. तो व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज असू शकतो: 'डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, तुमचा नंबर १२.३० च्या सुमारास. तोवर जेवून घ्या.' तो काउंटरवर मिळणारा छापील टोकन असू शकतो, ज्यावर 'तुमच्या पुढे ९ जण' असं लिहिलंय. ताईंनी आदल्या संध्याकाळी केलेला फोनही नमुना होऊ शकतो. तुमच्यातल्या एकीने फोन केला, समोरच्याने उचलला, झालं. एका दिवसात जेवढं खरं वाटेल एवढं करायचं, आत काहीही चालू नसलं तरी हरकत नाही. संध्याकाळी एकदा शेवटपर्यंत चालवून बघा. नमुन्यात नावं आणि आजार मात्र खोटेच घाला, कोणाचा खरा केस पेपर वापरू नका.

जागेबद्दल. हॉस्पिटलच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसलात की दर दहा मिनिटांनी दार उघडून कोणीतरी "सिस्टर, जरा..." म्हणणार. चाचणीचा दिवस सोडून बाकी सगळं तुमच्या ऑफिसात घ्या. उन्हाळ्यात घेणार असाल आणि एसीऐवजी कूलर असेल, तर चिकट चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवू नका. दमट हवेने आणि वाऱ्याने अर्ध्या दुपारी जमिनीवर येतात, आणि कोणती कुठली होती यावरून नवीनच वाद सुरू होतो. अर्धे ए-फोर कागद आणि कागदी टेप सगळ्यात बरं. सकाळी तर्री-पोहे खुशाल द्या, पण दुपारी सावजी मागवण्याचा मोह आवरा. चित्रं काढायच्या वेळेला निम्मी मंडळी पेंगत असतील. फोन एका डब्यात ठेवायला सांगा. हॉस्पिटलची माणसं आहेत म्हणून एक फोन सुरू ठेवा, तो दाराशी बसलेल्या तुमच्या मुलाजवळ. खरोखर तातडीचं असेल तर तो आत येऊन सांगेल.

चाचणीला पाच जण पुरतात का, हे मॅनेजर विचारणारच. वस्तू वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांचा २००० सालचा हिशोब प्रसिद्ध आहे: पाच जणांच्या हातात वस्तू दिली तर वापरण्यातल्या जवळपास ८५ टक्के अडचणी दिसून येतात, पुढे तेच ते दिसू लागतं. पण हे पाच एकाच प्रकारचे हवेत. तुमच्याकडे बाहेरगावचे आणि नागपुरातले असे दोन वेगळे गट आहेत. दोघांनाही घ्यायचं तर प्रत्येकी तीन-चार लागतील, आणि एका दिवसात तेवढे होत नाहीत. रांग बाहेरगावच्यांची आहे, तर यावेळी तेच पाच घ्या.

आजारी माणसाला बसवू नका, सोबत आलेल्याला बसवा. फोनही बहुतेक त्याच्याच खिशात असतो. फॉलोअपला कोण येणार ती यादी हॉस्पिटलकडे असते. फोन हॉस्पिटलनेच करावा, तुम्ही यादी मागू नका. मुलाखतीचे पैसे आणि जेवण तुमच्याकडून द्या. 'बिलात सवलत' असं हॉस्पिटलने म्हटलं की समोरचा स्तुतीच करेल. व्हिडिओ काढायचा तर आधी विचारा आणि सही घ्या. बोलणारा एकच असावा, ज्याला मराठी आणि हिंदी दोन्ही सहज येतं. बालाघाटचा माणूस मराठी समजतो पण मनातलं हिंदीतच बोलतो. बाकीचे दुसऱ्या खोलीत बसून बघतील, त्यासाठी एक फोन आणि एक लॅपटॉप पुरतो.

आणि "आवडलं का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. "बढिया है साहब," एवढंच ऐकायला मिळेल. हातात वस्तू द्या आणि म्हणा, "तुम्हाला उद्या दाखवायला यायचंय. काय कराल?" मग थांबा. तो "दबाऊं क्या?" म्हणून तुमच्याकडे बघेल, तेव्हा "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच म्हणा. बोट कुठे थबकतं, तो फोन शेजारच्या पोराकडे कधी सरकवतो, कोणत्या वाक्याला मान हलवतो पण समजलेलं नसतं, हे दुसऱ्या खोलीतल्यांनी लिहून घ्यायचं. तो शेवटी म्हणाला, "ठीक आहे, पण मी तरी ७ लाच येईन," तर ते सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहा आणि कशामुळे ते शांतपणे विचारा.

पैशांचं आधी ठरवा. स्प्रिंट ॲपच्या कामात फुकट घालू नका, वेगळं बिल करा, निम्मं आगाऊ घ्या. कागदावर स्पष्ट लिहा की शेवटी मिळेल ते उत्तर, ॲप नव्हे. आणि 'हे चालणार नाही' हेही उत्तरच आहे. यावर डॉक्टरसाहेब "मला ॲपच पाहिजे, बाकी काही नको" म्हणाले, तर स्प्रिंटचा आग्रह सोडा. ऑर्डर आहे, ऑर्डरसारखी पूर्ण करा. ज्याला उत्तर बदलायचंच नाही त्याच्या माणसांचे चार दिवस घेऊन उपयोग नाही, आणि ताईंना उगाच आशा लावू नये.

वार निवडताना बाहेरगावची गर्दी कधी असते ते बघा. समजा सोमवारी असेल, तर बुधवार ते शुक्रवार काम करा, शनिवारी नमुना पुन्हा एकदा चालवून बघा आणि सोमवारी चाचणी हॉस्पिटलातच ठेवा. शेवटच्या दोन मुलाखती दुपारी ३ च्या पुढे ठेवा, म्हणजे ओपीडीतून मोकळे झाल्यावर डॉक्टरसाहेबांना बघता येतील; मात्र त्यासाठी परतीची गाडी उशिराची असलेलेच निवडा. सकाळच्या तिघांना बोलवण्याआधी त्यांच्या पेशंटचा नंबर राखून ठेवायला काउंटरवर सांगा आणि तसं त्यांच्या देखत रजिस्टरमध्ये लिहून घ्या. नाहीतर तो माणूस तुमच्यासमोर बसेल, पण कान सगळे बाहेरच्या पुकाऱ्याकडे असतील.